केळीच्या पानातलं पाणी

युगांडातल्या कंपालाला जायचं नक्की झालं तेव्हा पहिला प्रवास मी अपशिंग्याला केला. सातारकरांना हे गाव मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ठाऊक. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. इंग्रजांनी लावलेली त्यांची स्मरणशिला गावात आहे. तेव्हापासून आजतागायत इथल्या बहुतेक घरांतून कोणी ना कोणी फौजेत असतंच. आफ्रिकेच्या जंगलात राहून आलेला माणूस गाठायचा तर पुण्या-मुंबईच्या प्रवासी कंपनीकडे कशाला जायचं, असा माझा साधा विचार. भारतीय सैनिक संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून १९६० मध्ये पहिल्यांदा काँगोत गेले आणि या शतकात पुन्हा गोमाच्या बाजूला जाऊन राहिले. ओळखीच्या एका निवृत्त सुभेदारांनी तिथे एक पूर्ण टर्न काढली होती.

त्यांच्या पडवीत चहा झाला. हत्ती, बंडखोर यांच्या गोष्टी ऐकायला मिळतील अशी माझी अपेक्षा होती. सुभेदार बोलले ते डासांवर.

"सर, तिथं आमचा रोज संध्याकाळी गोळीचा फॉलिन व्हायचा. बंदुकीची गोळी न्हवं, मलेरियाची. रांगेत उभं राहायचं, गोळी तोंडात टाकायची, पाणी प्यायचं आणि साहेबाला तोंड उघडून दाखवायचं. दिवस मावळायच्या आत बाह्या खाली. उकडू दे, घाम येऊ दे, बाह्या खालीच."

मग त्यांनी आपल्या तुकडीतल्या एका पोराची हकिगत सांगितली. काँगोतून सुट्टीवर गावी आला. आता घरी आलो, आता कसला मलेरिया, म्हणून गोळ्या बंद केल्या. दोन-अडीच आठवड्यांनी ताप भरला. पावसाळ्याचे दिवस, गावात सगळ्यांनाच ताप. त्यालाही तसल्याच गोळ्या मिळाल्या. चौथ्या दिवशी तो बरळायला लागला. तालुक्याच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरणीने त्याला पहिलाच प्रश्न विचारला, की महिन्याभरात कुठे गेला होतास? त्या एका प्रश्नावर पोरगं वाचलं. रक्तात मलेरियाचा फाल्सिपेरम निघाला होता.

"तुम्ही आल्यावर ताप आला न्, तर आधी सांगायचं, मी आफ्रिकेतनं आलोय. डॉक्टरानं विचारायची वाट बघायची नाही," सुभेदार म्हणाले. सगळ्या प्रवासात इतका नेमका सल्ला मला दुसऱ्या कोणी दिला नाही.

फौजेने ही शिस्त फार मोठी किंमत मोजून मिळवलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर जनरल स्लिम यांनी चौदाव्या सेनेची सूत्रं घेतली तेव्हा जखमी होऊन मागे पाठवलेल्या एका सैनिकामागे १२० सैनिक आजारी पडून मागे जात होते. स्लिमनी गोळ्यांची अचानक तपासणी सुरू केली. पंच्याण्णव टक्क्यांपेक्षा कमी जवानांनी गोळी घेतलेली आढळली, तर त्या पलटणीच्या प्रमुखालाच घरी पाठवायचं, असा नियम. तिघांना पाठवावं लागलं, त्यानंतर गरज पडली नाही. मराठा पलटण त्या आघाडीवर होती. १९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरात सांगशाकला चौथी मराठा लढली. सातारच्या मातीतली माणसं तिथे जपान्यांशी जशी लढली तशीच डासाशीही लढली, पण स्मरणशिलेवर फक्त पहिल्या लढाईला जागा मिळते.

आमचं कंपालाला जाण्याचं कारण घरगुती. सांगलीच्या माझ्या आक्काचा मुलगा तिथे नोकरीला. त्याला मुलगी झाली, नात बघायला आक्काला जायचं होतं आणि सोबतीला मी. आक्का बासष्टीची. मधुमेह आहे, गळ्यात तुळशीची माळ आहे, आणि विमानात ती त्याआधी कधी बसलेली नव्हती.

अपशिंग्याहून परतल्यावर, आक्काकडे सांगलीला जायला साताऱ्यातून कोयना एक्स्प्रेस धरली. सातारा स्टेशन गावापासून लांब, माहुलीच्या अंगाला. कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड, किर्लोस्करवाडी, भिलवडी असं करत गाडी कृष्णेच्या खोऱ्यातून उतरत जाते. उसाचे मळे सुरू होतात, हवा जड होते. या मार्गावर बसलं की मला नेहमी प्लेगाची आठवण होते. मुंबई बंदरात १८९६ मध्ये उतरलेला प्लेग पुढे पुणे-मिरज रुळांच्या दोन्ही अंगांच्या गावांत पोचला. १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारने साथरोगांचा जो कायदा केला त्यात रेल्वेने प्रवास करणाऱ्यांना तपासण्याचा आणि संशयितांना वेगळं ठेवण्याचा अधिकार मुद्दाम लिहिलेला आहे. त्याच सुमारास, १० जानेवारी १८९७ ला, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिन यांनी आपण बनवलेली प्लेगाची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. आणि त्याच वर्षी १० मार्चला, सातारा जिल्ह्यातल्या नायगावची लेक सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगाच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. साथ येते ती प्रवाशाबरोबर, आणि तिची झळ जो प्रवासाला कधी गेलाच नाही त्याला लागते. लस ही प्रवाशाची खासगी बाब आहे असं म्हणणाऱ्याने हा रेल्वेमार्ग नकाशावर एकदा बघावा.

लस-गोळ्यांबद्दल आक्काचं म्हणणं निराळंच होतं. "आरं, आपण काय गोरं साहेब हाय का? आपल्याला ह्या डासांची सवय हाय."

हे फक्त आक्काचं मत नाही. परदेशी जाणाऱ्या आपल्या बहुतेक माणसांच्या मनात हेच असतं. उष्ण कटिबंधातल्या आजारांवरची पुस्तकं लंडन-जिनिव्हाच्या माणसासाठी लिहिलेली, त्यातला उष्ण कटिबंध म्हणजे आपलं घर. सातारा साडेसतरा अंशांच्या थोडं वर, सांगली सतराच्या खाली. कर्कवृत्त आपल्यापासून कितीतरी उत्तरेला. आपण उष्ण कटिबंधातून उष्ण कटिबंधातच चाललो होतो. पण युगांडातल्या मुलाला दर पावसाळ्यात फाल्सिपेरमशी झुंज द्यावी लागते. त्यातून जगला-वाचला की त्याच्या अंगात थोडी ताकद येते, आणि गाव सोडून तो दूर राहिला की तीही ओसरते. सांगलीच्या माणसाच्या अंगात ती मुळातच नाही. माझ्या मुलाला मी हे समजावून सांगू शकलो असतो. आक्काला सांगायला मिरजेचे डॉक्टर लागले.

मिरज हे वैद्यकीचं गाव. कॅनडातून आलेल्या विल्यम वॉनलेस यांनी इथे १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं आणि तेव्हापासून कर्नाटकापर्यंतची माणसं औषधोपचाराला मिरजेची गाडी धरत आली. १९६२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. आम्ही ज्यांच्याकडे गेलो ते डॉक्टर सत्तरीच्या पुढचे, सावकाश बोलणारे. त्यांनी आमच्या तिकिटाची तारीख विचारली, राहायचं कुठे, खेड्यात जाणार का, आक्काच्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या आणि एकेक पाकीट उचलून नाव वाचलं. मग प्रश्न सुरू झाले. कधी कॅन्सर? प्रतिकारशक्ती दाबणारं एखादं औषध? छातीतल्या थायमस ग्रंथीचं काही? आणि शेवटी, "अंड्याची अ‍ॅलर्जी आहे का?"

"मी माळकरी हाय. जल्मात अंडं खाल्लं न्हाई."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. लपवलं काही नाही. यलो फीव्हरची, म्हणजे पीतज्वराची लस कोंबडीच्या अंड्यात, वाढत्या गर्भात तयार करतात हे त्यांनी सरळ सांगितलं. मॅक्स थायलर यांनी १९३० च्या दशकात हा विषाणू कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत पुन्हा पुन्हा वाढवत इतका दुबळा केला की तो माणसाला आजारी पाडेना, पण शरीर त्याला ओळखायला मात्र शिकलं. त्या कामासाठी थायलरना १९५१ चं नोबेल मिळालं. आजही जगभर तीच लस आहे, एक डोस, आणि तिला दुसरा पर्याय नाही. साठीनंतर पहिल्यांदा ही लस घेताना क्वचित कधी गंभीर त्रास होतो, म्हणून वय बघून, तोलून द्यायची असते. वैद्यकीय कारणाने देणं योग्य नसेल तर डॉक्टर तसं पत्र देऊ शकतात, पण मग पलीकडचा देश आत घेईल का आणि पीतज्वराच्या मुलखात बिनलशीचं राहायचं का, हे दोन्ही प्रश्न उरतात. "तुम्हाला द्यायला माझी हरकत नाही. पण घ्यायची का, हे तुम्ही ठरवा. घाई नाही."

दवाखान्याबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. शेजारी एक म्हातारं मुस्लिम जोडपं होतं, हजला निघालेलं. त्यांना मेंदूज्वराची, मेनिंजायटिसची लस घ्यायची होती. ती प्रवासाआधी किमान दहा दिवस घेतल्याशिवाय सौदी सरकार हजला येऊ देत नाही. मक्का हेसुद्धा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे उष्ण कटिबंधातच, आणि जगातली एवढी मोठी गर्दी एका जागी दुसरीकडे क्वचितच जमत असेल. आजींच्या हातात पिशवी, पिशवीत कागदांची फाइल. आक्काने त्यांना विचारलं, "दुखतं का हो?" आजी म्हणाल्या, "दुखलं तर दुखलं. अल्लाच्या घरी जायचं, तिथून दुसऱ्याला आजार घेऊन यायचं नाही."

आक्का बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दादा वारीला जायच्या आधी टोचून घ्यायचं. आठवतंय तुला?"

मला आठवत होतं. आमचे वडील माउलींच्या पालखीबरोबर लोणंदपासून चालायचे. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड हा आपल्या जिल्ह्यातला टप्पा. पंढरपूरची यात्रा आणि पटकी यांची जोडी फार जुनी होती. चंद्रभागेच्या वाळवंटात लाखो माणसं उतरायची, तेच पाणी प्यायची, आणि परतीच्या वाटेवर गावोगाव रोग पोचायचा. म्हणून एके काळी पटकीची लस टोचून घेतल्याशिवाय वारकऱ्याला पुढे सोडत नसत. टोचलेला दंड दोन दिवस सुजायचा, ताप भरायचा, तरी वडील त्याच दंडाने खांद्यावर पताका घ्यायचे. पटकीवरही हाफकिन यांनी लस काढली होती, प्लेगाच्या आधी. पटकीची टोचणी फार टिकाऊ नव्हती, रोग पसरणं तिने पुरेसं थांबत नव्हतं. म्हणून १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी पटकीच्या दाखल्याची अट जगभरातून काढून टाकली गेली. वारीत आता शुद्ध पाण्याचे टँकर, क्लोरीन आणि फिरती शौचालयं हे काम जास्त नीट करतात. देवीचा रोग हटल्यावर देवीचा दाखलाही गेला. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत नाव घेऊन उरलेली एकच प्रवासी लस म्हणजे पीतज्वराची.

"दादांनी माळ काढली न्हवती टोचताना," आक्का म्हणाली आणि उठून आत गेली. तिच्या जागी दुसऱ्या कोणी वेगळं ठरवलं असतं तर मी वाद घातला नसता. पण डॉक्टरांनी सगळं उघड सांगितलं, आणि सगळं ऐकून तिने ठरवलं, हे मला फार मोलाचं वाटतं. लस देणाऱ्याने खरं सांगावं आणि घेणाऱ्याने विचार करून घ्यावी, एवढी साधी गोष्ट आपल्याकडे किती वेळा घडते?

मलेरियासाठी डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन लिहून दिली. रोज एक, निघायच्या आदल्या दिवसापासून परतल्यानंतर चार आठवडे. पाकीट बघून आक्का म्हणाली, "ह्या तर पुराच्या गोळ्या!" तिचं बरोबर होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने निम्मी सांगली पोटात घेतली होती. पाणी ओसरल्यावर चिखलातून, उंदरांच्या मुतातून लेप्टो पसरू नये म्हणून तिच्या गल्लीत याच गोळ्या दिल्या होत्या. तेव्हा आठवड्याला, आता रोज. भरपूर पाण्याबरोबर घ्या, घेतल्यावर लगेच आडव्या होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते, आणि उन्हात अंग झाका, एवढं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. टायफॉइडची लस झाली, धनुर्वाताची राहिली होती तीही झाली. रेबीजचं विचारलं तर म्हणाले, कुत्रा-माकड चावलं तर जखम आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, मग गाडीत बसा. लोक उलटं करतात.

यलो फीव्हरची लस मात्र सातारा-सांगलीत चौकशी करून मिळाली नाही. ती सरकारने नेमलेल्या ठरावीक केंद्रांवरच मिळते. मुंबईतल्या एका केंद्रावर वेळ ठरवून गेलो. एका कुपीत अनेकांचे डोस असतात, कुपी एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून ठरलेल्या वारी, ठरलेल्या संख्येनेच माणसं बोलावतात. रांगेत जहाजावर निघालेले खलाशी, नायजेरियात बोअर मारायला निघालेले तंत्रज्ञ, मिशनच्या दोन सिस्टर आणि आम्ही. प्रत्येकाच्या हातात पासपोर्ट. सुई क्षणात झाली. मग पिवळी पुस्तिका, त्यात पासपोर्टचा नंबर, लशीचा बॅच नंबर, सही, शिक्का. दाखला दहा दिवसांनी लागू होतो आणि २०१६ पासून तो जन्मभर चालतो. शिक्का ओला होता. आक्काने पुस्तिका मिटली नाही, उघडी धरून वाळवली.

एंटेबेच्या विमानतळावर उतरल्यावर पासपोर्टच्या खिडकीच्या आधी आरोग्याचं टेबल लागलं. निळ्या कोटातल्या बाईने पिवळी पुस्तिका उघडली, पासपोर्टशी नाव ताडून बघितलं आणि आक्काकडे बघून हसली. बाहेर व्हिक्टोरिया सरोवराचा वारा, तांबडी माती. आक्काने खाली वाकून माती चिमटीत घेतली. "महाबळेश्वरासारखी हाय की रं."

कंपाला टेकड्यांवर वसलेलं, उंचीवर असल्यामुळे फारसं उकडत नाही, आणि जिकडे बघावं तिकडे केळी. घरामागे केळी, रस्त्याकडेला केळी, ताटात उकडून कुस्करलेली कच्ची केळी, तिला तिथे मटोके म्हणतात. आक्काला ते शेंगदाण्याच्या आमटीबरोबर फार आवडलं. नातीची मच्छरदाणी औषध लावलेली होती. भाच्याने ती गादीखाली चारही बाजूंनी खोचलेली आक्काने स्वतः तपासली. संध्याकाळ झाली की ती सगळ्यांच्या बाह्या खाली करायला लावायची. अपशिंग्याचा फॉलिन कंपालात चालू झाला होता.

माझ्या मनात एक जागा बघायची होती. एंटेबेहून कंपालाला येताना रस्त्याच्या एका अंगाला एक छोटंसं जंगल लागतं. त्याचं नाव झिका. भाच्याने ओळख काढून परवानगी मिळवली आणि तिथल्या संशोधन संस्थेचा एक मदतनीस आम्हाला आत घेऊन गेला. जंगल म्हणावं तर लहान, पण आत शिरल्यावर आवाज एकदम बदलतो. पक्षी, किडे, पानांवरून ठिबकणारं पाणी. मधोमध एक उंच लोखंडी मनोरा, शंभराहून जास्त फुटांचा, त्याला वर जायला अरुंद जिना आणि ठरावीक उंचीवर फळ्यांचे मजले. वेगवेगळ्या उंचीवर कोणता डास कधी चावतो, हे बघायला माणसं त्या फळ्यांवर रात्रंदिवस बसत. स्वतःच्या अंगावर बसलेला डास नळीत पकडायचा, वेळ लिहायची. मी खालून वर बघितलं. असल्या कामाला काय म्हणावं? माझ्याकडे त्यासाठी आदर सोडून दुसरं काही नव्हतं.

रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून १९३६ मध्ये एंटेबेत पीतज्वर संशोधन संस्था निघाली. पीतज्वराचा विषाणू जंगलात कुठे लपतो ते शोधण्यासाठी या जंगलात पिंजऱ्यांतून माकडं झाडांवर ठेवत आणि त्यांना ताप येतो का ते बघत. १९४७ च्या एप्रिलमध्ये अशा एका माकडाला ताप आला, पण तो पीतज्वर नव्हता. नवाच विषाणू निघाला आणि त्याला जंगलाचंच नाव मिळालं. पुढच्या वर्षी तोच विषाणू इथल्या डासांतही सापडला. याच रॉकफेलर फाउंडेशनने १९५२ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेबरोबर पुण्यात विषाणू संशोधन केंद्र काढलं, आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. आणि २०२१ च्या जुलैमध्ये महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण सापडला तो पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला. बेलसर म्हणजे जेजुरीजवळ. नीरा ओलांडली की आमचा सातारा जिल्हा. निदान केलं ते पुण्याच्या त्याच संस्थेने. एंटेबेच्या जंगलातला विषाणू बेलसरच्या वाडीत कोणत्या वाटेने आला, ते बेलसरच्या त्या रुग्ण बाईंना विचारून उपयोग नव्हता. त्या आफ्रिकेला गेलेल्या नव्हत्या.

मदतनीसाने जंगलाच्या कडेला आम्हाला केळीचं खोड दाखवलं. पान जिथे खोडाला मिळतं तिथल्या बेचक्यात पावसाचं पाणी साचतं, एखादा पेला भरेल इतकं. त्याने पान वाकवून आत बोट घातलं आणि आम्हाला बघायला लावलं. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. पीतज्वर माणसापर्यंत कसा येतो हे इथल्या शास्त्रज्ञांना असल्याच पाण्यात सापडलं. उंच झाडांच्या शेंड्यांवर एका जातीचा डास माकडांत विषाणू फिरवत ठेवतो. माकडं केळी खायला बागेत उतरतात. बागेतला दुसऱ्या जातीचा डास केळीच्या बेचक्यातल्या या पाण्यात वाढलेला असतो, तो माकडाला चावतो आणि मग बागेत काम करणाऱ्या बाईला. ती बाई आजारी पडून शहरात गेली की तिथला घरातला डास, पांढऱ्या पट्ट्यांचा एडिस इजिप्ती, पुढचं काम करतो.

आक्काने वाकून बघितलं. सांगलीत तिच्या परड्यात केळी आहेत, अळू आहे. "हे असलंच पाणी आपल्याकडं पण असतं," ती म्हणाली. त्यानंतर ती बराच वेळ त्या मदतनीसाला भाच्याकरवी प्रश्न विचारत राहिली.

भारतात पीतज्वर नाही, आशियातच तो कधी पसरलेला नाही. का, याची उत्तरं शास्त्रज्ञ वेगवेगळी देतात. पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती आपल्याकडे भरपूर आहे, डेंग्यूची प्रत्येक साथ त्याची साक्ष देते. माणसंही भरपूर आणि त्यांतली जवळजवळ सगळी बिनलशीची. विषाणू अंगात घेऊन आलेला एक प्रवासी आणि त्याला चावलेला एक डास, एवढ्यावर काय होऊ शकतं ते आपण चिकनगुनियात बघितलं आहे. १९७३ मध्ये बार्शीला साथ आली आणि मग जणू तो आजार नाहीसाच झाला. २००४ मध्ये केनियाच्या किनाऱ्यावर आफ्रिकी वाणाची साथ पेटली, हिंदी महासागरातल्या बेटांवरून २००५ च्या अखेरीस आपल्याकडे पोचली आणि २००६ मध्ये महाराष्ट्रातली गावंच्या गावं खाटेला खिळली. आक्काची बोटं तेव्हापासून सकाळी वळत नाहीत. आफ्रिकेचं तोंड न पाहता आफ्रिकेतला आजार तिने पंधरा-वीस वर्षं हातात वागवला. पीतज्वराला मात्र लस आहे, आणि दाराशी तपासणी आहे.

ती तपासणी परतताना मुंबई विमानतळावर दिसली. आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर आमच्या विमानातली रांग. आमच्या पुढे एक तरुण व्यापारी होता, त्याच्याकडे पुस्तिका नव्हती. त्याने आधी विनवलं, मग आवाज चढवला, मोठ्या माणसांची नावं घेतली. अधिकारी बाई शांतपणे एकच सांगत राहिल्या, की सहा दिवस विलगीकरणात राहावं लागेल. आमच्यामागचे दोघे कुजबुजले, कशाला एवढं? आक्काने मागे वळून त्यांना म्हटलं, "कशाला म्हंजे? त्याला चावलेला डास तुमच्या घरी जाणार न्हाई का?" मग आपली पुस्तिका दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली.

त्या अधिकारी बाईंची बाजू आपण कोणीच घेत नाही. त्या टेबलावर जेवढा आरडाओरडा होतो त्यातला एक शब्दही त्या मनावर घेत नसाव्यात. पण त्या टेबलामागे सांगली आहे, बेलसर आहे, अपशिंगे आहे. ओळखीच्या फोनवर माणूस सोडून द्यायची आपली जी रीत आहे, ती निदान या एका टेबलावर चालू नये असं मला फार मनापासून वाटतं.

सांगलीला पोचल्यावर आक्काने पहिल्यांदा नातीचे फोटो शेजारपाजारी दाखवले आणि दुसऱ्या दिवशी परड्यात शिरली. पाऊस झाला की केळीच्या बेचक्यांत साचलेलं पाणी बांबूने उपसून काढायला तिने गड्याला शिकवलं. दर आठवड्याला हौद रिकामा करून घासायचा, कोरडा दिवस पाळायचा, हे आशाताई वर्षानुवर्षं सांगत होत्याच. आता त्या आल्या की आक्का स्वतः त्यांच्याबरोबर गल्लीतल्या टाक्यांची झाकणं उघडून दाखवते. कुंडीखालच्या बशा उलट्या झाल्या. डॉक्सिसायक्लिन तिने चार आठवडे एक दिवस न चुकता घेतली, आणि मलाही रोज रात्री फोन येई, घेतली का म्हणून. तिसऱ्या आठवड्यात मला कणकण आली तेव्हा साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन मी आधी आफ्रिकेचं सांगितलं. डॉक्टरांनी त्याच दिवशी रक्त तपासलं, दोन दिवसांनी पुन्हा तपासलं. मलेरिया नव्हता.

परवा आक्काच्या गल्लीतला एक मुलगा पेढे घेऊन आला. त्याला घानात नोकरी लागली आहे, बोअरवेलच्या कंपनीत. सोमवारी वीस तारखेला विमान आहे म्हणाला. आक्काने पेढा हातात घेतला आणि कॅलेंडरकडे बघितलं.

"पिवळी वही काढलीस का?"

त्याला काही कळलं नाही. कंपनीवाले सांगतील म्हणाला.

"कंपनीवाले सांगतील तवा सांगतील. टोचल्यावर दहा दिवस जावे लागत्यात. आज बारा तारीख. वीसला कसा जाशील? आधी विमान पुढं ढकल, मग मुंबईला फोन लाव. आन् आईला विचार, लहानपणी अंड्यानं अंगावर गांधी उठल्या होत्या का."

मुलगा तिथेच पायरीवर बसून फोन लावायला लागला.